खोडलेला रविवार

चाराला पाच मिनिटं कमी असताना म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरवरचा चालता प्रोग्रॅम मोडला. एकच ओळ काढली.

तो निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचल्या. स्वतःच्या हातानं चूक पेरायची ही चौथी खेप. दर खेपेला कान गरम व्हायचे. पण मागल्या रविवारी लेक म्हणाली होती, "फोन नंबरची तपासणी चालली की बाबा, तुमची शिकवणी संपली." सातासमुद्रापलीकडची लेक त्याला प्रोग्रॅमिंग शिकवायला आठवड्यातून हा एकच तास समोर बसायची. एरवी "जेवलात?" "जेवलो," एवढ्यावर फोन मिटायचा.

चार वाजले. ती पडद्यावर आली. तिच्या खिडकीत अंधारून येत होतं.

"काय विद्यार्थी, झाला का अभ्यास?"

"अडलंय, मास्तरीणबाई. काही उमटतच नाही."

तिनं त्याचा प्रोग्रॅम वाचला. "नंबर तपासायची मेथड तर झक्क लिहिलीत की! मजकूर दहाच अक्षरांचा हवा, सगळे आकडेच हवेत. पण तिला बोलावलंय कुठं? नुसती लिहून ठेवली तर ती गप्प पडून राहणार. खाली एक ओळ हवी. तिचं नाव घ्यायचं, नंबर हातात द्यायचा, मग ती सांगेल, ट्रू का फॉल्स. नाव तपासणाऱ्या मेथडच्या वेळीही हेच विसरला होतात."

"वय झालं गं."

"वयाचं मला नका सांगू. माझ्या मेसेजमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बऱ्या दिसतात!"

तो हसला. "बरं, ती ओळ घालू कुठं?"

"छापून घेतलंय ना? कागद दाखवा, सांगते."

पडद्यावर नजर ठरत नाही म्हणून तो सगळं कागदावर काढून घ्यायचा. त्यानं कागद कॅमेऱ्यापुढं धरला, आणि धरल्यावर त्याच्या लक्षात आलं.

कागदावर ती ओळ होती. तिच्यावरून लाल पेन्सिलीची रेघ गेली होती, आणि समासात ते शेपटीवालं चिन्ह: काढून टाका. खूण केल्याशिवाय अक्षर हलवायचं नाही, ही हाताची सवय.

तिच्या शाळेच्या निबंधांवर याच खुणा असायच्या. ती कागदाकडे बघत राहिली. त्याला कागद खाली घेता येईना.

"ओळ परत घाला, बाबा," ती म्हणाली.

त्यानं घातली. न अडखळता, कुठंही न बघता. मेथडच्या हाती दिलेला नंबर लेकीचाच होता. त्याला तोंडपाठ असलेला तेवढा एकच. उत्तर उमटलं. ट्रू.

"झालं," तो म्हणाला. "सुटलीस."

उठून त्यानं पाठीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला पुढचा रविवार लाल रेघेनं खोडला. तिथं त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'शिकवणी, चार वाजता.'

"बाबा, त्याच्याखाली टिंबं द्या."

पेन्सिल थबकली. छापखान्यात खोडलेल्या शब्दाखाली टिंबं दिली की शब्द परत जागेवर बसतो: चुकून खोडला, आहे तसा राहू द्या.

"अगं, पण आता शिकायचं काय?" त्यानं भिंतीकडेच बघत विचारलं.

"तुम्ही मला शिकवा. ती छापखान्यातली चिन्हं. मला त्यातलं एकही येत नाही."

म्हाताऱ्यानं रविवाराखाली एकेक टिंब दिलं. तिच्या वाक्यात चूक होती, ढळढळीत. ती त्यानं तशीच जाऊ दिली.