दोघांनी खेळायचा गेम

'हे अ‍ॅप या पीसीवर चालू शकत नाही.'

रागिणीनं पडद्यावरची पाटी पुन्हा वाचली आणि पुन्हा बंद केली. जुन्या विंडोजचं नाव निवडून पाहिलं. परत तीच पाटी. मैत्रिणीकडून मागून आणलेल्या ड्राइव्हमध्ये सीडी घरघरायची अन् गप्प व्हायची.

अंगणात तो बैलांना पेंड घालत होता. ओट्यावर बसलेली आई, सत्यभामाबाई, त्याच्याकडंच बघत होती.

"माऊली, ऊन लागंल रे."

"लागू दे व आई. लई वर्सांनी घरचं ऊन लागून राहिलं."

रागिणीनं लॅपटॉप मिटला. त्याचं बोलणं खरं वाटत होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

माऊली तिचा थोरला भाऊ. दहावीत नापास झाला, बापाशी भांडला अन् हिंगोलीकडच्या गोरेगावातून निघून गेला. वडील, माणिकराव, त्याची वाट बघत वारले. यंदा कळमनुरीच्या बाजारात बकऱ्या विकायला गेलेल्या गावातल्या सटवाजीला हा माणूस दिसला. "तू माणिकरावचा माऊली तर न्हाईस?" सटवाजीनं विचारलं. माणूस रडायला लागला. सटवाजीनं त्याला जीपमध्ये घालून घरी आणलं.

नाकडोळे जुळत होते. जुन्या गोष्टीही तो सांगायचा. पण गावातलं जो तो त्याच्याशी 'आठवतं का रे' म्हणूनच बोलायला लागायचा, सगळं सांगून टाकायचा, अन् मग त्याला आठवायचं. रक्ताची तपासणी करू, असं रागिणी एकदा म्हणाली, तर आईनं जेवण सोडलं.

"नऊ महिने पोटात वागवला मी. मला शिकवती का?"

आता आई शेत त्याच्या नावावर करायला निघाली होती. सातबाऱ्यावर रागिणीचंही नाव होतं. तिची सही लागणार होती.

हिंगोलीच्या नोकरीतून ती सुट्टी टाकून आली होती ती त्यासाठीच. रात्री डोळा लागत नव्हता, दिवसा पाय एका जागी ठरत नव्हता. अशात माळ्यावर तिला ती सीडी सापडली.

माणिकरावांचा गावात कॉम्प्युटर क्लास होता. पोरं घरी गेली की बहीणभाऊ एकाच कीबोर्डवर रणगाड्यांचा गेम खेळायचे. तिसऱ्या मैदानात एक भिंत होती. दिसायला पक्की, पण एका कोपऱ्यातून रणगाडा आरपार जायचा. ते माऊलीनं शोधून काढलं होतं आणि कुणाला सांगणार नाही म्हणून तिला गळ्याची शपथ घातली होती. तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते या माणसाला शिकवायला गावात कुणी नव्हतं.

फक्त गेम चालायला हवा होता.

सेनगावात प्रज्ञेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिनं लॅपटॉप आणि सीडी त्याच्यापुढं ठेवली.

"लई जुना गेम हाय ताई. या मशीनला त्याची भाषाच कळत न्हाई."

"काहीच होणार न्हाई का?"

"व्हईल की. मशीनच्या पोटात एक जुनी मशीन बसवतो. खोटी. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी हाओत." तो हसला. "पण ठेवून जा. टाइम लागंल."

"लॅपटॉप बिघडला, सेनगावला प्रज्ञेशकडं टाकलाय," घरी तिनं एवढंच सांगितलं.

"तुझं काम आडून राहिलं असंल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सोयाबीनचा भाव बघायला म्हणून तो बाहेर पडला, तेव्हा घर मोकळं वाटलं म्हणून तिला जरा बरं वाटलं. मग त्याची लाजही वाटली.

लॅपटॉप आला. आई देवळात गेलेली बघून तिनं गेम लावला. तीच तुतारी वाजली, तेच हिरवं मैदान उघडलं.

"जरा इकडं या," तिनं हाक मारली. आल्यापासून ती त्याला अहो-जाहोच करत होती.

तो दारातच थबकला. पडद्याकडं बघत राहिला, मग तिच्या डाव्या बाजूला बसला. बोटं आपसूक अक्षरांवर गेली.

"बाणांची बटणं तुझी," तो म्हणाला.

रागिणीनं बोटं बाणांवर ठेवली. लहानपणीही बाण तिचे अन् अक्षरं माऊलीची असायची.

पहिलं मैदान तिनं जिंकलं, दुसरं त्यानं. तिसऱ्यात ती मुद्दाम लांब जाऊन थांबली. त्याचा रणगाडा भिंतीपाशी आला, कोपऱ्याकडं सरकला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या क्षणी तो तिच्या पाठीमागून निघाला अन् तिचा रणगाडा फुटला.

"मेलीस!" तो हसला.

रागिणीनं तोंडावर पदर घेतला. रडू काही केल्या आवरेना.

"रागे, काहून रडून राहिली?"

"दादा," ती म्हणाली. "मला माफ कर दादा."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी तिघं जीपनं सेनगावला गेली. रजिस्ट्रीत रागिणीनं सही केली, अंगठा दिला, फोटो काढला. आई पोराला घेऊन आत पेढे वाटत होती. रागिणी बाहेर लिंबाखाली आली. कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली होती.

फोन वाजला. प्रज्ञेश होता.

"ताई, गेम चालून राहिला ना बराबर?"

"एकदम बराबर. तुमचे लई उपकार झाले."

"मग, हरवलं का दादांनी तुमाला?"

"तुमाला कसं ठाऊक?"

"आता सांगायला हरकत न्हाई," प्रज्ञेश हसत म्हणाला. "तुमचा लॅपटॉप दुकानात व्हता ना, तवा दादा दिवसभर इथंच बसून व्हते. ताईला सांगू नका, गंमत करायची म्हणले. मी नेटवरून सगळ्या छुप्या वाटा काढून दिल्या. पण मानलं बुवा दादांना, लवकर शिकले. आले तवा तर मलाच विचारून राहिले व्हते, ह्या सीडीत हाय तरी काय म्हणून."