राणीचा नकार

वडशाच्या नाटक मंडळीसाठी संघप्रियाने चांदागडच्या एका राणीचं नाटक लिहिलं. सेनापतीचा राणीवर जीव असतो, पण राणी लग्नाला नकार देते आणि एकटीच राज्य सांभाळते.

सेनापतीचं काम खुशालकडे होतं. तालमी सुरू होण्याआधी त्याने संघप्रियाला लग्नाचं विचारलं होतं.

"मानूस तुमी चांगले आहा," ती म्हणाली होती, "पण मले लिहाचं हाये. एकटीनंच बरं जमते मले."

तो "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर तालमीला आला.

रंगीत तालमीला निर्माते गुणवंतराव म्हणाले, "बाई, शेवटी दोघाईचं लगन लावून टाका. लोकाईले तेच पायजे."

"मंग नाटकावरचं माहं नाव काढा," म्हणत संघप्रिया उठलीच.

गुणवंतराव खुशालकडे वळले. "तू तरी समजाव इले. तुलेच तर राणी भेटून राह्यली!"

खुशालने कमरेची तलवार सोडून बाकावर ठेवली.

"लगन लावाचं असन, तर सेनापती दुसरा पाहा, भाऊ. राणी नाई म्हणते, तरी हा सेनापती तिचा गड राखते. मले तेच काम कराचं हाये."