मुठीची ऊब

आमच्या अवकाशयानात वायरींचं जंजाळ नव्हतं; तापमान मोजणारे सगळे सेन्सर बिनतारी बोलायचे. ही किमया आमच्या प्रमुख ताईंची. बसवण्याआधी प्रत्येक सेन्सर त्या मुठीत धरायच्या. उबेने पडद्यावर त्याची रेघ हलकेच चढली की म्हणायच्या, "शहाणं बाळ!"

आज यान चाचणीच्या पोलादी टाकीत बंद होतं. अवकाशासारखंच आत हवा नाही, गारठा जीवघेणा.

पडद्यावर पार आतल्या टोकाच्या सेन्सरची रेघ हलकेच चढली, मुठीत धरल्यासारखी. मग उतरली आणि शेजारच्याची चढली.

"ताई, बिघाड असेल का?"

"छे!" त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. "बघ ना, किती जपून धरतंय."

एकेक करत टाकीच्या दाराजवळच्या शेवटच्या सेन्सरची रेघही चढून उतरली.

ताईंनी दारावर तळहात टेकवला. पोलाद उबदार होतं.

"शहाणं बाळ," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी कडीला हात घातला.