मास्तरांचं माप

"हेही नाही चालणार," म्हणत दुकानदार मास्तरांच्या छातीवरचं तिसरं कवच सोडवायला लागला. "खाली सरकतंय. गळ्याखालचं हाड उघडं पडतं."

मास्तर हात वर धरून उभे होते. शेजारी मास्तरीणबाई मनातल्या मनात खूश होत्या. कालच त्यांनी दुकानदाराला गुपचूप फोन केला होता. आमचे हे उद्या पंचाचं सामान घ्यायला येतील, त्यांना काही म्हणजे काही बसू देऊ नका. दुकानदार आधी खूप हसला आणि मग म्हणाला, "बरं बाई, तुमचीही इच्छा पुरी करू."

मास्तर आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी बेसबॉलच्या सामन्यात फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या मागे वाकून पंचगिरी करायचे. वीस वर्षं झाली. गेल्या हंगामात बॅटची कड लागून एक चेंडू सुसाट मागे आला. जुनं कवच फुटलं आणि आतलं गळ्याखालचं हाडही. सहा आठवडे हात गळ्यात. त्यांच्या शर्टाची बटणं लावता लावता बाईंनी ठरवून टाकलं, पुन्हा तिथे उभं राहू द्यायचं नाही. पण तोंडावर सांगायचं कसं? मैदानावर निघालेल्या मास्तरांचा चेहरा त्यांनी वीस वर्षं पाहिला होता. नवरदेवसुद्धा इतका खुलत नाही. त्यामुळे त्या दर रविवारी जीव मुठीत धरून टाळ्या वाजवत आल्या होत्या.

"आता मास्क बघू," दुकानदार म्हणाला. "मान हलवा. बघा, डुगडुगतोय."

दुसरा मास्क कानशिलाला रुतला. तिसऱ्यातून म्हणे खालचं नीट दिसेना.

"गणिताचं डोकं आहे, असं कशात मावणार?" बाई म्हणाल्या. मास्तर हसले नाहीत.

दुकानदार तर भलताच रंगात आला होता. एका फोनवर माणूस स्वतःचंच गिऱ्हाईक इतकं मन लावून घालवतो, याचं बाईंना नवल वाटलं.

अखेर मास्तरांनी कवचाचे पट्टे नीट दुमडले आणि ते काउंटरवर ठेवलं. "राहू द्या. नाही बसत तर नाही. वीस वर्षं केलं, पुष्कळ झालं." मग त्यांनी कवचावरून एकदा हात फिरवला.

आपल्या भीतीपायी आपण या माणसाचा रविवारच हिसकावून घेतोय, असं बाईंना वाटलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आणा ते इकडे."

"अगं, असू दे ना," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "कशाला उगाच?"

"तुम्ही गप्प उभे राहा."

हाड जुळलं होतं तिथे बारीक टेंगूळ राहिलं होतं. सहा आठवडे अंघोळ घालून बाईंच्या बोटांना ते पाठ झालं होतं. त्यांनी खांद्याचे पट्टे दोन बोटं आखडले, पाठीवरचं बक्कल ओढलं, आणि कवच वर सरकून टेंगळावर अलगद बसलं. दुकानदार खाकरला, त्यानं डोळेही मोठे केले. बाईंनी तिकडे बघितलंच नाही. मग त्यांनी मास्कच्या हनुवटीची गादी सैल केली आणि मागचा पट्टा ताणला.

"हलवा मान."

मास्क जागचा हलला नाही. बाईंनी कवचावर दार ठोठावल्यासारखी टकटक केली.

"लागतंय?"

"नाही," मास्तर आतून म्हणाले.

"मग घ्या हेच. मी आहेच टाळ्या वाजवायला."

रडं दिसू नये म्हणून त्या लगबगीनं बाहेर पडल्या. पायरी उतरताना लक्षात आलं, पर्स काउंटरवरच राहिली. त्या मागे वळल्या. मास्तर अजून मास्क घालूनच उभे होते आणि त्यांनी दुकानदाराचं मनगट घट्ट धरलं होतं.

"अहो, परवा स्वतः येऊन तुमच्या हातापाया पडलो होतो ना, काही बसू देऊ नका म्हणून! चेंडू सुटायच्या आधीच डोळे मिटतात हो आता माझे. पण हिला माझं केवढं कौतुक, हिला कोणत्या तोंडानं सांगू?"