न पाठवलेली एक ओळ

"डिस्क सापडली नाही." पडद्यावर चौथ्यांदा तेच उमटलं आणि मिल्टनने टेबलावर मूठ आपटली.

"आपट, आपट. तीस वर्षांचं धूड आहे, घाबरून चालू होईल," एलिदा म्हणाली. तिने वाळक्या भोपळ्याच्या पेल्यातल्या येर्बावर, तिकडच्या कडू चहाच्या पानांवर, गरम पाणी ओतलं आणि पेला त्याच्यापुढे सरकवला. मिल्टनने नळीने एक कडू घोट घेतला.

एलिदा म्हणजे मिल्टनच्या जुन्या मित्राची, दार्दोची, बायको. दार्दोला जाऊन तीन महिने झाले होते. विद्यापीठाने भंगारात काढलेल्या असल्या जुन्या वर्कस्टेशन संगणकांवर एक फुकटातली, सगळ्यांना खुली असलेली ऑपरेटिंग सिस्टीम चालावी म्हणून जो कोड लागतो, तो एकट्या दार्दोने लिहिला होता. इथेच मोंतेविदेओ शहरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. अकरा वर्षं खपला बिचारा. पगार शून्य. मिळकत काय, तर कोडच्या माथ्यावर त्याचं नाव. आणि आता सिस्टीम सांभाळणारे नव्या आवृत्तीतून हा कोडच काढणार होते. आज संध्याकाळी सहाला. कोड गेला की नावही गेलं.

वाचवायचा एकच मार्ग होता. खऱ्या यंत्रावर नवी आवृत्ती चालवायची आणि सहाच्या आत पुरावा पाठवायचा. अख्ख्या शहरात चालू यंत्र उरलं होतं ते फक्त मिल्टनकडे.

"ज्या गाढवाने हे काढायला सांगितलं ना, तो एकदा समोर येऊ दे," मिल्टन करवादला.

"शिव्या नंतर घाल. पावणेपाच झालेत."

खरं तर बिघाड कुठे आहे ते मिल्टनला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. जुनी डिस्क म्हाताऱ्यासारखी उठते, वेळ लावते. सिस्टीम तिला घाईने हाक मारते, उत्तर आलं नाही की कुणी नाही म्हणून मोकळी होते. नऊ सेकंद थांबायला सांगणारी एक ओळ घातली की झालं. ती ओळ मिल्टनने सात वर्षांपूर्वीच घातली होती, पण फक्त स्वतःपुरती. दुसऱ्या कुणी त्याच दिवशी दार्दोला कळवलं असतं. या लोकांची रीतच तशी. तक्रार आली की समजायचं, कुणीतरी वापरतंय.

पण त्याच वर्षी मांस भाजायच्या शेगडीभोवती, दहा जणांदेखत, दार्दो बोलून गेला होता, "मिल्टनला काय, नुसती बटणं दाबता येतात." ते वर्मी लागलं. याचाच कोड मी रोज वापरतो, हे याला कशाला कळू द्यायचं? स्वाभिमान कसला डोंबलाचा, निव्वळ त्याची जिरवायची होती. आता ती ओळ पाठवायची म्हणजे एलिदाला सगळं सांगणं आलं. म्हणून चार वेळा नशिबावर हवाला ठेवून झाला.

शेवटी त्याने मान खाली घालून सांगून टाकलं.

"सात वर्षं?" एलिदाने विचारलं.

"हो."

"रोज उठल्या उठल्या टपाल उघडायचा रे तो. कुणाची तक्रार आलीय का बघायला. मी हसायचे. म्हणायचे, लोक शिव्या देत नाहीत याचं कसलं दुःख?" तिने पेला त्याच्यापुढून उचलला. "घाल ती ओळ."

वीस मिनिटांत सिस्टीम उठली. मिल्टनने पुरावा पाठवला, ओळ पाठवली, आणि न राहवून खाली विचारलंच, हे काढायची अक्कल कोणाची?

पावणेसहाला उत्तर आलं. जर्मनीतून सगळं सांभाळणाऱ्या इंग्रिडबाईंनी लिहिलं होतं: कोड राहील. दार्दोचं नावही राहील. तुम्ही विचारलंत म्हणून, ज्यांनी काढायला सांगितलं होतं त्यांचं चार महिन्यांपूर्वीचं पत्र खाली जोडते.

"बघू तरी कोण शहाणा आहे," म्हणत मिल्टनने पान खाली सरकवलं. एलिदाने चष्मा चढवला, त्याच्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचलं.

"'सात वर्षांत एकही तक्रार नाही. म्हणजे कुणीच वापरत नाही. माझा कोड काढून टाका. एका मिल्टनची आशा होती, त्याला परवा स्वतः फोन करून विचारलं. म्हणाला, त्या डब्याचं मी केव्हाच कुंडी ठेवायचं स्टूल केलंय.'"