सात देशांत पहिली

"खर्चाच्या रकान्यात तुमचा पगार किती लिहू?" दिपमाला मॅडमनी विचारलं.

कामिनीने शाखाधिकारी पितांबरनानांकडे पाहिलं. नानांना नेमका तेव्हाच पंख्यावरचा धूळकचरा दिसला.

"शून्य लिहा," ती म्हणाली. "मी अजून शिकाऊच आहे."

शिकाऊ म्हणजे काय, हे त्या बँकेत सगळ्यांना ठाऊक होतं. आधी बिनपगारी राबायचं, मग कधी संचालकांच्या मनात आलं तर कायम व्हायचं. एरंडोल शाखेत कामिनी तीन वर्षं राबत होती. भुसावळच्या दुकानातली दहा हजारांची नोकरी तिने याच आशेवर नाकारली होती. कर्जाचे कागद, ठेवींच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे अंगठे, सगळं तिच्याच गळ्यात.

दिपमाला मॅडम धुळ्याच्या कॉलेजात शिकवायच्या. पोलंड, केनिया, व्हिएतनाम अशा सहा देशांतल्या आणि आपल्याकडच्या लहान बँका किती कमी खर्चात किती काम उपसतात, ते त्या मोजत होत्या. जी शाखा सगळ्यांत काटकसरी, तिची पट्टी करायची आणि बाकीच्यांना त्या पट्टीने मापायचं, अशी त्यांची रीत.

तेवढ्यात सुपडूबाबा काठी टेकत आत आले. "बेटा, मना पैसा उनात का?"

कामिनीने खातं बघून पाच मिनिटांत आलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले. मॅडम घड्याळ बघून लिहीत होत्या.

"एवढं काम आणि पगार नाही?" मॅडमना खरंच वाईट वाटलं. "अहवालात मी तुमचं नाव घालते. चेअरमनसाहेबांना कळायलाच हवं."

कामिनीला रडूच फुटलं. घरी पोचताच तिने आईला, पुष्पाबाईंना, मिठी मारली. "माय, आते मना पगार सुरू व्हई!"

दोन महिन्यांनी जळगावच्या मुख्य कचेरीत सभा भरली. कामिनीला खास निरोप होता. मायलेकी पहिल्या रांगेत बसल्या.

चेअरमन अभिमनआबांनी अहवाल उंच धरला. "सात देशांच्या बँका मोजल्या, आणि पहिली कोण आली? आपली एरंडोल शाखा! कुणामुळे, तेही मॅडमनी नावानिशी लिहिलंय. ये पोरी, वर ये."

टाळ्या थांबेनात. शाल आली, नारळ आला. पुष्पाबाई पदराने डोळे पुसत होत्या. आबांनी कामिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते बाकीच्या अकरा शाखाधिकाऱ्यांकडे वळले.

"एरंडोलला हात लावायचा नाही. कामिनी आहे तशीच राहील. तुम्ही मात्र महिनाअखेर आपापल्या पगारी कारकुनांना घरी पाठवा, आणि प्रत्येकाने अशी एक कामिनी शोधा."