पंगतीला न बसलेली आडनावं

यंदा मी वर्षभराचा नेम धरला: आमच्या पंगतीला कधीच न बसलेल्या आडनावांची पुस्तकं वाचायची. पहिलंच आणलं, तर सासूबाईंनी लेखिकेचं आडनाव बघून वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. “पाव्हण्यांस्नी दिसाय नगं.” संक्रांतीला आष्ट्याच्या आत्याबाई आल्या. कव्हर बघून म्हणाल्या, “पोथी व्हय गं? वाच की मोठ्यानं.” मी वाचलं. उसाच्या फडात बाळंत झालेली लेखिकेची आई दुसऱ्या दिवशी मोळी उचलते, ते पान. पोथी नव्हती, तरी आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. “लय सोसलं बाईनं. कुणी लिवलंय?” सासूबाई मानेनंच नको म्हणत होत्या. मी कव्हर टरकावलं. आडनाव वाचताच आत्याबाईंनी पुस्तक घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला. “लेखिका रविवारी आपल्या वाचनालयात येणार हायत,” मी म्हणाले. “जेवण आपल्याकडंच. आत्याबाई, तुमी मुक्कामाला हायसाच. त्यांचं ताट तुमच्याच शेजारी वाढते.”